एका नाविकाची पेटी

समुद्र आणि शेंद्रा यांचा परस्परांशी संबंध तो काय, असा प्रश्न हा मथळा वाचून ज्ञातिबांधवांच्या मनात उद्भवल्यास त्यात नवल नाही. शेंद्र्यापासून समुद्र सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर. गावाची ख्याती पूर्वी मांगीरबाबांच्या चैत्रातील यात्रेमुळे आणि अलीकडे औद्योगिक वसाहतीमुळे. ज्या गावात वैशाखात विहिरींचा तळ दिसतो, त्या गावच्या एका तरुणाने दुसऱ्या महायुद्धात आरमारी जहाजावर नोकरी केली आणि त्या नोकरीच्या खुणा एका पत्र्याच्या पेटीत भरून घरी आणल्या, ही हकीकत ज्ञातीच्या दप्तरी नोंदली जावी असे आम्हांस वाटते. आपल्या स्मरणिकांतून आजवर देवळे, धर्मशाळा, वसतिगृहे आणि दानशूर गृहस्थ यांविषयी पुष्कळ लिहून आले आहे. माळ्यावरच्या पेट्यांविषयी मात्र कोणी लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही.

हे गृहस्थ आमच्या मातोश्रींचे चुलते. त्यांचे नाव छापू नये अशी त्यांच्या नातवंडांची इच्छा असल्याने आम्ही ते येथे देत नाही. गाव त्यांस ‘बोटवाले’ म्हणे आणि आम्ही मुले ‘बोटवाले आजोबा’ म्हणत असू. 1943 च्या आरंभी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, घरी न सांगता ते करमाड स्टेशनावर गाडीत बसले, मनमाडास गाडी बदलून मुंबईस गेले आणि रॉयल इंडियन नेव्हीत भरती झाले. दुष्काळ, भाऊबंदकी आणि घरातील चार तोंडे एवढे कारण त्यास पुरेसे होते. देशभक्तीचा किंवा राजनिष्ठेचा त्यात काही भाग होता, असे त्यांनी स्वतः कधी म्हटले नाही.

येथे त्या काळच्या आरमाराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ‘रॉयल इंडियन मरीन’ या जुन्या खात्याचे ‘रॉयल इंडियन नेव्ही’ असे नामांतर 2 ऑक्टोबर 1934 रोजी झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा हे आरमार अगदीच लहान होते. अधिकारी व खलाशी मिळून माणसे दोन हजारांच्या आत. युद्ध संपता संपता हाच आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला. पूर्वी खलाशी भरती होत ते बहुतकरून रत्नागिरीच्या किनारपट्टीतून, कारण तेथील मुलास होडी आणि लाटा जन्मापासूनच्या परिचयाच्या. युद्धाच्या रेट्यात ही मर्यादा राहिली नाही आणि ज्यांनी आयुष्यात नदीचा पूर एवढाच मोठा जलाशय पाहिला होता, अशी देशावरची मुलेही जहाजांवर चढली. त्यात मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आजोबा प्रजा निजामाची आणि चाकर इंग्रजांच्या आरमाराचे. प्रत्यक्ष निजामाच्या नावाचीही एक विनाशिका त्या युद्धात होती. ती ऑस्ट्रेलियाच्या आरमाराकडे होती, 1941 मध्ये सेवेत आली, क्रीटच्या लढाईत होती आणि 2 सप्टेंबर 1945 रोजी जपानने शरणपत्रावर सह्या केल्या त्या दिवशी टोकियोच्या उपसागरात उभी होती. आमच्याकडील साराभरणाऱ्या शेतकऱ्यांस तिची वार्ताही नव्हती.

आजोबांचे जहाज मात्र दुसरे, आणि त्याच्या नावानेच पुढील सर्व घोटाळा केला. त्याचे नाव ‘गोदावरी’.

युद्धाहून परतल्यावर पारावर बसून ते सांगू लागले, “आमच्या गोदावरीने जर्मनाची पाणबुडी बुडविली.” गोदावरी म्हणजे पैठणची गंगा, एवढेच गावास ठाऊक. पैठणच्या घाटावर जर्मन कोठून आला, असे कोणीतरी विचारले आणि जो हशा पिकला तो पुढे चाळीस वर्षे विझला नाही. हिंदी महासागरात जर्मन असू शकतो हेच मुळी लोकांस पटेना. आपल्या बाजूस युद्ध होते ते जपान्यांशी, असा सर्वांचा समज. त्यात आजोबा स्टोकर, म्हणजे जहाजाच्या पोटात बॉयलरपाशी काम करणारे. “तुम्ही पाणबुडी पाहिली का?” या प्रश्नास ते प्रामाणिकपणे “नाही” म्हणत. “आम्ही पाहिले काही नाही, फक्त पत्र्यावर घण पडावेत तसे आवाज ऐकले आणि वरून निरोप आला.” ही साक्ष पारावरच्या न्यायसभेत टिकण्यासारखी नव्हती. पुढे पुढे त्यांनी तो विषयच सोडला. आम्हीही त्या हशात सामील होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. 1981 च्या सुमारास ते वारले.

शेंद्र्याच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या, 2001 साली स्कोडा मोटारींचा कारखाना उभा राहिला, गावात पैसा आला आणि जुनी मातीची धाब्याची घरे पाडून सिमेंटची घरे बांधण्याची लाट उसळली. त्या लाटेत आजोबांचेही घर पडले. माळ्यावरील सामान अंगणात आले आणि भंगारवाला तराजू घेऊन उभा राहिला. पत्रा वेगळा, पितळ वेगळे, रद्दी वेगळी, असा त्याचा हिशेब. आम्ही त्या दिवशी केवळ योगायोगाने तेथे पोहोचलो आणि पेटी भंगाराच्या भावाने आम्हीच उचलली. आपल्या किती गावांतून अशा किती पेट्या त्या तराजूतून गेल्या असतील, याचा अंदाजही करवत नाही.

पेटीत काय निघाले? टोपीची एक काळी रेशमी फीत, तीवर सोनेरी अक्षरांत केवळ ‘एच. एम. आय. एस.’ एवढेच. लोखंडी चाकू, गळ्यात अडकविण्याच्या दोरीसह. कराचीतील एका स्टुडिओत काढलेले छायाचित्र, ज्यात सहा तरुण असून आजोबा कोणते हे ओळखण्यास आम्हांस दोन दिवस लागले. तोफगोळ्याचे रिकामे पितळी कवच, ज्याचा काठ गावच्या तांबटाकडून वळवून घेऊन आजीने देवघरात फुलांसाठी वापरले होते. दोन पदके. आणि सर्वांच्या तळाशी, मेणकापडात गुंडाळलेला, जाड कागदाचा नोकरीचा दाखला.

आता आमची चूक. पदके हाती येताच आम्ही उत्साहाच्या भरात ती चिंच आणि राखेने घासली. काळसर ताऱ्याचे सोन्यासारखे पिवळे झाले आणि आम्हांस फार आनंद वाटला. साठ वर्षांनी धातूवर आलेला रंग अर्ध्या तासात गेला. उठावाच्या कडा बोथट झाल्या. शिवाय फीत मळली म्हणून धुतली, तिचा तांबडा रंग शेजारच्या पट्ट्यात उतरला. जाणकारांनी पुढे सांगितले की अशा वस्तूस कोरड्या मऊ फडक्याखेरीज काही लावू नये आणि कागदास प्लॅस्टिकमध्ये उष्णतेने बंदिस्त करण्याची जी पद्धत दुकानोदुकानी चालते ती तर कागदाचा जीवच घेते. हे ज्ञान आम्हांस एक पदक खर्ची घालून मिळाले. वाचकांस ते फुकट मिळावे.

पदकांच्या हिशेबात खरा रस आहे. एक पदक होते ‘वॉर मेडल’, मागील बाजूस दोन तोंडांच्या सर्पासुरावर उभा असलेला सिंह. युद्धकाळात 28 दिवस नोकरी केलेल्यास ते मिळे, म्हणून ते जवळजवळ सर्वांकडे सापडते. दुसरा ‘बर्मा स्टार’, सहा टोकांचा तारा. नातवंडांची तक्रार अशी की आजोबांची आणखी दोन पदके कोणीतरी लांबविली. कारण शेजारच्या गावच्या एका माजी सैनिकाकडे चार होती. आम्ही नियम शोधले. ‘इंडिया सर्व्हिस मेडल’, ज्याच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा उठविलेला आहे, त्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 2 सप्टेंबर 1945 या मुदतीत तीन वर्षांची नोकरी लागे. आजोबा 1943 मध्ये भरती झालेले. त्यांची तीन वर्षे भरणे शक्यच नव्हते. म्हणजे हे पदक चोरीस गेले नाही, ते कधी नव्हतेच. उलट ‘1939–45 स्टार’ या ताऱ्याचे. आरमारातील मनुष्यास तो जहाजावरील सहा महिन्यांच्या नोकरीने मिळे आणि साधारणतः तो आधी मिळविल्याखेरीज बर्मा स्टार मिळत नसे. तेव्हा पेटीत बर्मा स्टार आहे आणि हा नाही, याचा अर्थ तो एके काळी होता आणि गेला.

तो कोठे गेला याचा उलगडा आमच्या एका वृद्ध मामींनी केला. पोळ्याच्या दिवशी आजोबा आपल्या आवडत्या बैलाच्या बाशिंगास तो पिवळा तारा बांधीत आणि वेशीतून बैल मिरवीत. एका वर्षी बैल बुजला, मिरवणुकीत पळाला आणि तारा पडला. दिवाभर शोधूनही सापडला नाही. राजाच्या नावाची मुद्रा असलेल्या पदकाचा याहून उचित उपयोग आम्हांस तरी सुचत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने तो तारा गेला तो गेला.

फितीवर जहाजाचे नाव नव्हते याचेही आम्हांस प्रथम वाईट वाटले. वस्तुतः युद्धकाळात टोपीवर जहाजाचे नाव घालीत नसत. बंदरातील हेरास कोणती जहाजे आली-गेली ते खलाशाच्या कपाळावर वाचता येऊ नये म्हणून. हे ठाऊक नसल्याने आम्ही आणखी एक मूर्खपणा केला. मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात ‘एच. एम. आय. एस. गोदावरी, 1939’ अशी अक्षरे असलेली पितळी पाटी दिसली आणि आम्ही भाव न करता ती घेतली. घरी येऊन पुस्तके पाहिली तो काय! गोदावरी हे जहाज इंग्लंडात साउदॅम्प्टनजवळ वूल्स्टन येथे थॉर्निक्रॉफ्ट यांच्या कारखान्यात बांधले गेले आणि त्याचे जलावतरण झाले 21 जानेवारी 1943 रोजी. त्या जहाजास 1939 ची पाटी म्हणजे जन्मापूर्वीचे बारसे. पुढे स्वतंत्र भारताच्या आरमारातही ‘गोदावरी’ नावाची युद्धनौका झाली, ती 1983 ते 2015 पर्यंत सेवेत होती. तिच्या वस्तूही महायुद्धातील म्हणून खपविल्या जाऊ शकतात. हौशी बांधवांनी नाव न पाहता साल पाहावे. ती पाटी आम्ही अद्याप ठेवली आहे, स्वतःच्या कानउघाडणीसाठी.

आता दाखल्याकडे वळू. त्यात जहाजांची नावे व तारखा आहेत. शिक्षण कराचीस व मुंबईस. नंतर 1944 च्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत गोदावरी. त्यानंतर ‘नर्मदा’, जिचे नाव इंग्रज ‘नर्बदा’ असे लिहीत. या नोंदी घेऊन आम्ही छापील इतिहास चाळले. डिसेंबर 1944 नंतर नर्मदा व जमना ही आपली जहाजे ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावरील मोहिमेत होती, जानेवारी 1945 मध्ये त्यांनी तेथे तोफांचा मारा केला. म्हणजे बर्मा स्टारचा हिशेब चोख जुळला. आणि ऑगस्ट 1944? मध्य हिंदी महासागरात ‘यू-198’ नावाची जर्मन पाणबुडी व्यापारी जहाजांच्या मागावर होती. ती शोधण्यासाठी विमानवाहू जहाजांसह एक काफिला निघाला. 12 ऑगस्ट 1944 रोजी सेशेल्स बेटांजवळ ती पाणबुडी सर्व माणसांसह बुडाली. बुडविणारी जहाजे दोन : एक इंग्रजांचे ‘फाइंडहॉर्न’ आणि दुसरे हिंदुस्थानचे ‘गोदावरी’.

हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पाण्याखाली फुटणाऱ्या दारूगोळ्याचा धक्का जहाजाच्या तळास बसतो आणि बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माणसास तो घणाच्या घावासारखा ऐकू येतो. आजोबांनी शब्दशः हेच सांगितले होते. पाहिलेले नाही ते पाहिले म्हणण्याचा मोह त्यांनी टाळला, म्हणूनच गावाने त्यांस खोटे ठरविले. ज्या पारावर हशा पिकला तो पार आता रस्तारुंदीत गेला, हसणारेही बहुतेक गेले. तरी त्या वर्षीच्या यात्रेच्या वेळी जमलेल्या भावकीस आम्ही दाखल्याची व इतिहासाची दोन्ही पाने वाचून दाखविली. एक वयोवृद्ध गृहस्थ, जे त्या हशाचे मूळ धनी, बराच वेळ गप्प राहिले आणि नंतर एवढेच म्हणाले, “मग बोटवाला आम्हांस परत का बोलला नाही?”

येथे थांबलो असतो तर सर्वांचा संतोष झाला असता. पण दाखला एकाच बाजूने बोलत नाही. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या आरमारी तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न व गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप केला. दोन-तीन दिवसांत तो कराचीपासून कलकत्त्यापर्यंत पसरला, सुमारे 20,000 खलाशी आणि 78 जहाजे त्यात आली. जहाजांवरील ब्रिटिश निशाणे उतरली. 23 फेब्रुवारीस खलाशी शरण आले आणि 476 जणांस आरमारातून काढण्यात आले. त्यांचे स्मारक कुलाब्यास 2001 मध्ये उभारले गेले. आमच्या कुटुंबातील पुढच्या पिढीने आजोबांचे नाव या उठावाशी जोडून टाकले होते. शाळेतील ध्वजवंदनाच्या भाषणांत ‘आमचे आजोबा नाविक बंडातील वीर’ असे वाक्य दोन पिढ्या म्हटले गेले. एका पत्रिकेवर ते छापलेही गेले.

दाखला सांगतो की आजोबा नोव्हेंबर 1945 मध्ये सुटून घरी आले. उठावाच्या दिवशी ते शेंद्र्यास ज्वारी राखीत असतील. दाखल्याचा कोपराही शाबूत आहे. निंद्य वर्तनावरून काढलेल्या खलाशाच्या दाखल्याचा कोपरा कापण्याचा ब्रिटिश आरमारात रिवाज होता. नोंद स्पष्ट आहे, वर्तन ‘अतिउत्तम’.

कुटुंबात यावरून मोठा वाद झाला. एका जवळच्या नातलगाने आम्हांस बाजूस घेऊन सांगितले की पदके दाखवा, फोटो दाखवा, पण तो कागद कशास बाहेर काढता? आजोबा स्वतः असे कधी बोलले नव्हते, मग त्यांच्या तोंडी ते आपण घालावे काय, एवढाच आमचा प्रतिप्रश्न. ज्या कागदाने पाणबुडीच्या बाबतीत त्यांस खरे ठरविले, त्याच कागदास बंडाच्या बाबतीत गप्प बसविणे आम्हांस जमले नाही. इंग्रजांच्या पगारावर, इंग्रजांच्या जहाजावर कोळसा-तेलाच्या धगीत उभा राहिलेला शेंद्र्याचा एक मुलगा वीर म्हणावा की पोटार्थी, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्हांस विचाराल तर घरच्या चार तोंडांसाठी ज्याने तीन वर्षे त्या भट्टीपुढे काढली त्यास कोणत्याही उसन्या बिरुदाची गरज नाही. तो नातलग अद्याप आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाही.

पेटी एकत्र राहिली म्हणूनच हे सर्व कळले. त्या पदकांवर नाव नाही. दाखल्यावेगळी केली असती तर ती कोणाचीही पदके झाली असती आणि फोटोतील सहा तरुण कोणीही सहा तरुण झाले असते. वाटण्या होताना थोरल्यास पदके, धाकट्यास पेटी, कागद रद्दीत, असे सर्रास घडते. शेतीची वाटणी समजू शकते, ही वाटणी करू नये. घरी अशी पेटी असल्यास प्रथम जशी आहे तशी तिची छायाचित्रे घ्यावीत, कोणती वस्तू कोणाकडून कशी ऐकली ते तारखेसह लिहून ठेवावे, कागद सुती कापडात ठेवून कसरीपासून जपावेत. आणखी एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. 1972 च्या पुरातन वस्तूंविषयीच्या कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाचा लेख किंवा दस्तऐवज 75 वर्षांचा झाला की तो पुरातन वस्तूंत गणला जाऊ शकतो. महायुद्धकाळचे कागद आता त्या वयास पोहोचले आहेत. परदेशी संग्राहकास ते विकण्याच्या मोहात पडणाऱ्याने हे ध्यानी धरावे.

सरकार वा संस्था हे सर्व सांभाळतील अशी आशा फार करू नये. मुंबईस व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी 1978 मध्ये सागरी इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली, हे खरे आणि अभिमानास्पदही. परंतु ‘विक्रांत’सारखी विमानवाहू नौका, जिची बांधणी महायुद्ध चालू असतानाच इंग्लंडात सुरू झाली होती, ती मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षे राहून 2014 मध्ये मोडीत निघाली आणि तिच्या पोलादाचा काही अंश मोटारसायकलींच्या टाक्यांत गेला. एवढे मोठे जहाज जेथे राखता आले नाही, तेथे शेंद्र्याच्या पेटीस कोण विचारणार? गोदावरीचे तरी काय झाले! फाळणीच्या वाटणीत ती पाकिस्तानच्या वाट्यास गेली, तिचे नाव ‘सिंध’ ठेवण्यात आले आणि पुढे तीही भंगारात गेली.

मुंबईस मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात युद्धकाळात समुद्रात नाहीशा झालेल्यांची स्मारक-पुस्तके आहेत. त्यांत आरमारातील चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार नावे आहेत, ज्यांस समुद्राखेरीज समाधी नाही. त्यांच्या घरी पेटीसुद्धा परत आली नसेल. आपल्या ज्ञातीतील कोणा घरी अशी आठवण असल्यास कार्यकारी मंडळाकडे कळवावी. पुढील स्मरणिकेत ती नोंदण्याचे अध्यक्षमहोदयांनी मान्य केले आहे.

आजोबांची पेटी सांप्रत त्यांच्या नातीकडे आहे. तिने प्रत्येक वस्तूखाली मोडी वळणाच्या सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लावल्या आहेत. दोन पदकांशेजारी एक जागा तिने रिकामी सोडली असून तेथील चिठ्ठीवर लिहिले आहे : ‘1939–45 स्टार. पोळ्याच्या दिवशी, वेशीबाहेर. वर्ष ठाऊक नाही.’